लेकीकडे डॅलसला निघताना फोन कोणता?

नाशिकच्या एक वाचक मोबाइल कंपनी बदलताहेत आणि सहा महिने लेकीकडे डॅलसला निघाल्या आहेत. फोन कोणता घ्यावा, हा त्यांचा प्रश्न.

आधी नंबर पोर्ट करून घ्यावा, मगच विमानात बसावं. १९०० ला एसएमएस केल्यावर येणारा कोड महाराष्ट्रात चारच दिवस चालतो.

कॅमेऱ्याआधी बँड पाहावेत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. तिथल्या नेटवर्कवर व्होल्टी चालत नसेल तर महागडा फोनही कॉलसाठी मुका. *#०६# दाबून आलेला आयएमईआय तिथल्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

बँकेच्या ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगवर जागं हवं, म्हणून सिमचा खण आणि ई-सिम दोन्ही असलेला फोन उत्तम. लेक तिथूनच आयफोन घेऊन देणार असेल, तर सांभाळून! १४ पासूनच्या बहुतेक अमेरिकी मॉडेलांत सिमचा खणच नाही. मग इथलं सिम निघण्यापूर्वीच ई-सिम करून घ्यावं लागेल.