सोनारी : नाथाचं ठाणं आणि सीनेकाठचा सपाट मुलूख

सोनारीत चढायला काहीच नाही. कडा नाही, घाट नाही, दोर लावायची सोय नाही. परंडा तालुक्यातलं हे गाव सीना नदीच्या खोऱ्यातल्या काळ्या, सपाट रानात बसलंय. बालाघाटाचा डोंगर पूर्वेला, भूमच्या बाजूला राहतो. मग भटक्यानं इथं का जावं? कारण साताऱ्या-सांगलीकडच्या कितीतरी गावांतले भैरवनाथ आणि सिद्धनाथ आपलं मूळ ठाणं म्हणून सोनारीचंच नाव घेतात. ‘नाथ सोनारीहून आले’ हे वाक्य ज्यानं आपल्या गावच्या जत्रेत ऐकलंय, त्याला ही वाट उलटी चालून पाहता येते.

काळभैरवनाथ आणि जोगेश्वरीचं देऊळ हे गावाचं हृदय. पण देवाआधी भेटतात माकडं. देवळावर, पत्र्यांवर, गाडीच्या टपावर त्यांचंच राज्य. नारळाची पिशवी हातात लोंबकळत ठेवली, की ती गेलीच म्हणून समजा. प्रसाद सॅकमध्ये खोल ठेवावा, चष्मा सांभाळावा आणि फोटोसाठी बिस्किटं दाखवून त्यांना जवळ बोलावू नये. गावकरी त्यांना हुसकत नाहीत, तेव्हा पाहुण्यानंही काठी उगारू नये.

रविवार हा भैरवनाथाचा वार. निवांत पाहायचं असेल तर शनिवारी जावं. ‘नाथाच्या नावानं चांगभलं’चा गजर ऐकायचा असेल तर चैत्रातली यात्रा गाठावी, मात्र ऊन डोक्यावर घ्यायची तयारी हवी. एरवी पौष-माघ उत्तम. रब्बीची ज्वारी हुरड्यावर आलेली असते आणि वाराही गार असतो.

नकाशा उघडला की या मुलखाची गंमत कळते. जिल्हा धाराशिव, पण बाजाराला जवळची बार्शी सोलापूर जिल्ह्यातली. एका अंगाला करमाळा, दुसऱ्या अंगाला अहिल्यानगरचं जामखेड. ही नुसती जिल्ह्यांची शीव नव्हे. सप्टेंबर १९४८ पर्यंत परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि पलीकडची बार्शी मुंबई इलाख्यात. बैलगाडीनं काही कोस गेलं की राज्य बदलायचं. माणसांचा देव मात्र दोन्हीकडे एकच.

सोनारी बघून दुपार परंड्याच्या भुईकोटाला द्यावी. खंदक, दुहेरी तट, बुरुजांवर पडलेल्या तोफा, आत जुन्या देवळाचे खांब वापरलेली मशीद. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतलं, तेव्हा निजामशाही सरदार मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून राजधानी इथं आणली. विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफसुद्धा आधी परंड्याच्याच किल्ल्यावर होती. १५४९ साली अहमदनगरला ओतलेलं हे सुमारे ५५ टनांचं धूड १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं इथून विजापूरला नेलं. नदी-ओढे ओलांडत ते कसं ओढलं असेल, याचा विचार तटावर बसून करावा. उत्तर नाही मिळालं तरी वेळ छान जातो. बुरुजांवर झाडोरा माजलेला असतो, म्हणून पूर्ण पँट आणि घट्ट बूट हवेत. पावसाळ्यात तटाच्या कडेला जाऊ नये.

वेळ उरलाच तर सीनेकाठचं डोमगाव. समर्थ रामदासांचे लेखनिक कल्याणस्वामी यांचा मठ इथं आहे आणि त्यांच्या हातची दासबोधाची प्रतही.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरून एसटीनं परंडा गाठावं. तिथून सोनारी अर्ध्या-पाऊण तासावर. स्वतःची गाडी असेल तर तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतात. नसेल, तर सोनारी आणि किल्ला एवढंच धरावं, पाण्याच्या दोन बाटल्या जवळ ठेवाव्यात आणि गावात उतरताच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून घ्यावी.