सहाव्या वर्षाची दाढ सांभाळा



आपण ऊस पिकवतो, कारखाना त्याची साखर करतो आणि सणासुदीला तीच साखर आपल्या पोरांचे तोंड गोड करते. म्हणूनच दातांच्या किडीविषयी दोन शब्द सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मूल सहा वर्षांचे झाले, की दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते; वर दोन, खाली दोन. ती येताना एकही दात पडत नाही. त्यामुळे घरातली माणसे तिला दुधाचीच समजतात. कीड दिसली तरी "पडेल आपोआप, नवी येईल" म्हणून सोडून देतात. गफलत होते ती इथेच. ही दाढ कायमची. गेली की पुन्हा उगवत नाही.

तिच्या माथ्यावर बारीक, खोल खाचा असतात. ब्रश तिथवर पोचत नाही. खाण्याचे कण अडकतात, जंतू त्यातल्या साखरेचे आम्ल करतात आणि दात झिजू लागतो.

लागणीआधी आपण बेणेप्रक्रिया करतो, तसाच हा इलाज. नाव 'सीलंट'. डॉक्टर दाढ साफ करून थोडा वेळ आम्लाची जेल लावतात, धुऊन कोरडी करतात, खाचांत पातळ लेप सोडतात आणि निळ्या उजेडाने तो घट्ट करतात. सुई नाही, कोरणे नाही. आम्ल लावलेल्या दाताला लेप चिकटून राहतो, हे अमेरिकेतील डॉ. बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवले.

कीड नुकती लागून नुसता डाग पडला असेल, खड्डा नसेल, तरी सीलंट चालते. वरून खाणे बंद झाले, की आतली कीड थांबते. खड्डा पडला, मग मात्र तो भरावाच लागतो.

लेप काही जन्माचा नव्हे. सहा महिन्यांनी दाखवावा, निघाला असल्यास पुन्हा लावून घ्यावा. बाराव्या वर्षी आणखी दाढा येतात, त्यांनाही हेच लागू. दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणे मात्र सुटत नाही. गोड द्यायचे ते जेवणासोबत द्यावे, दिवसभर चघळायला नको.

नाशिकला पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे, तेथे मूल दाखवता येईल. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील मुलांचे दातही तपासतात. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

उसाच्या पाण्याची पाळी आपण चुकवत नाही. मग पोराच्या दाढेची का चुकवावी?