प्रायोजकाचे नाव

आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धा किंवा क्रीडामहोत्सव भरतो, तेव्हा मंडपावर पुष्कळदा एखाद्या कंपनीचे नाव ठळक अक्षरांत झळकत असते. मंडप, ध्वनिक्षेपक, पारितोषिके यांसाठी पैसा लागतो. तो पुरविणाऱ्यास प्रायोजक म्हणतात. गुप्तदान करणारा दाता आपले नाव झाकून ठेवतो. प्रायोजक मात्र पैसा देतो आणि त्याच्या मोबदल्यात आपले नाव तुमच्या स्मरणात ठेवून जातो.

हे कसे घडते? १९७२ साली बोर्नव्हिटा या पेयाच्या नावाने विद्यार्थ्यांची प्रश्नमंजूषा सुरू झाली. प्रथम नभोवाणीवर आणि १९९२ पासून दूरचित्रवाणीवर ती लोकप्रिय ठरली. तिने अनेक मुलांना ज्ञानाची गोडी लावली, यात संशय नाही. परंतु प्रत्येक अचूक उत्तराच्या आनंदाबरोबर त्या पेयाचे नावही कानांवर पडे. चंदनाशेजारी ठेवलेल्या वस्त्राला सुगंध लागावा, तसा त्या नावाला बुद्धिमत्तेचा सुगंध लागला. वस्तुतः प्रश्नांची उत्तरे मुलांच्या अभ्यासातून येत होती, पेल्यातून नव्हे! पुढे एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘आरोग्यपेय’ या सदरातून काढण्यास सांगितले. कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘आरोग्यपेय’ अशी व्याख्याच नाही.

याहून घातक उदाहरण क्रिकेटचे आहे. १९९६ ची विश्वचषक स्पर्धा विल्स या सिगारेटच्या नावाने भरली होती. खेळ हा आरोग्याचा मित्र आणि तंबाखू त्याचा वैरी. तरीही दोघे एकाच मैदानावर उभे राहिले, आणि ते दृश्य लक्षावधी मुलांनी पाहिले. अखेर २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या प्रायोजकत्वास बंदी घातली. २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत अतिरिक्त मेद, मीठ किंवा साखर असलेल्या पदार्थांची विक्री व जाहिरात मना केली.

तथापि, कायदा शाळेच्या फाटकाशी पहारा करील; मनाच्या दाराशी पहारा आपणच केला पाहिजे. स्पर्धेत उत्साहाने भाग घ्यावा, प्रायोजकाचे आभारही मानावेत. वस्तू घेताना मात्र तिच्यात काय आहे, तिची गरज आहे काय, हे डोळसपणे पाहावे. पारितोषिकाबद्दल कृतज्ञता दाखविणे हा सद्गुण होय. परंतु त्यापायी आपला विवेक गहाण टाकू नये.

स्वाध्याय
१. दाता व प्रायोजक यांतील फरक सांगा.
२. ‘मनाच्या दाराशी पहारा’ म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. घरातील एका डब्यावरील घटकांची यादी वाचून ती वहीत उतरवा.