वात आणि तार

कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग नवीन महाराष्ट्र सदनामुळे मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. तेथून काही किलोमीटर दक्षिणेस जवाहरलाल नेहरू स्टेडियम आहे. ३ ऑक्टोबर २०१० रोजी राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनप्रसंगी तेथील आकाश आतषबाजीने उजळले. अशा मोठ्या सोहळ्यांत उदबत्ती घेऊन प्रत्येक वातीपाशी वाकणे शक्य नसते. दूर उभा असलेला जाणकार कळ दाबतो आणि विद्युत-प्रज्वलक आपले काम करतो.

त्याचे तत्त्व आपल्या घरातील इस्त्रीचेच आहे. नायक्रोम या निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूची केसासारखी बारीक तार वीजप्रवाहाला विरोध करते आणि तापते. प्रवाह दुप्पट झाला, तर तेवढ्याच वेळात उष्णता चौपट निर्माण होते. तिने वात पेटते. काही प्रज्वलकांत तारेवर ज्वालाग्राही लेप असतो. तो क्षणात भडकतो.

यात खरा लाभ अंतराचा. भुईनळा पेटविताना आपला चेहरा नेमका त्याच्यावर येतो. तो फुसका निघाला, की मूल पुन्हा वाकून पाहते, आणि डोळ्यांना खरा धोका तेव्हाच असतो. धूर आणि आवाज मात्र तारेमुळे तिळभरही कमी होत नाहीत.

शिवाय तार जोडताना हात दारूच्या अगदी जवळ असतात. म्हणून नियंत्रणपेटीची किल्ली जोडणाऱ्याच्याच खिशात असावी, हा सावध कारागिरांचा दंडक. बार उडाला नाही, तर तो आधी वीज तोडतो, बराच वेळ थांबतो आणि मगच पुढे पाऊल टाकतो.