उपघटक ४.३ : स्पर्धक तंत्रज्ञानांतील गुंतवणूक – वायमॅक्स आणि एलटीई

बुडीत खर्च आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या बचती या संकल्पना आपण मागील उपघटकात अभ्यासल्या. मोबाइलवर बिनतारी डेटा पुरविणाऱ्या व्यवसायात या दोन्ही संकल्पना एकत्र येतात, त्या कशा हे आता पाहावयाचे आहे. या व्यवसायातील अडचण अशी की, तंत्रज्ञान मनोरे उभारण्यापूर्वी निवडावे लागते. ते टिकणार की नाही हे मात्र मनोरे उभे राहिल्यानंतर काही वर्षांनी कळते.

फिरत्या वापरासाठीच्या वायमॅक्सचे मानक डिसेंबर २००५ मध्ये संमत झाले. एलटीईचे पहिले मानक पक्के होण्यास डिसेंबर २००८ उजाडावा लागला. म्हणजे वायमॅक्सला तीन वर्षांची आघाडी होती. अमेरिकेतील स्प्रिंट कंपनीने २००६ मध्येच त्याची निवड जाहीर केली आणि सप्टेंबर २००८ मध्ये बाल्टिमोर शहरात सेवा सुरू केली. त्याच वर्षी स्प्रिंटचे बहुसंख्य भागभांडवल असलेल्या क्लिअरवायर या कंपनीत इंटेल, कॉमकास्ट, टाइम वॉर्नर केबल, गूगल आणि ब्राइट हाउस यांनी मिळून ३२० कोटी डॉलर गुंतविले. या गुंतवणूकदारांची नावे पुन्हा एकदा वाचा. इंटेलला चिप विकावयाच्या होत्या, केबल कंपन्यांना आपल्या ग्राहकांसाठी बिनतारी सेवा हवी होती. अशा गुंतवणूकदारांचा उत्साह पाहून सामान्य भागधारकाने आपला निर्णय घेणे धोक्याचे असते, कारण त्यांचा लाभ केवळ त्या शेअरच्या किमतीवर अवलंबून नसतो.

मग आघाडी असूनही वायमॅक्स मागे का पडले? त्याचा वेग फार कमी होता असे समजण्याचे कारण नाही. जगातील बहुतेक मोबाइल कंपन्या जीएसएम कुळातील यंत्रणा वापरत होत्या आणि एलटीई हा त्याच कुळाचा पुढचा टप्पा होता. त्या कुळाबाहेरील व्हेरायझननेही नोव्हेंबर २००७ मध्ये, मानक पूर्ण होण्यापूर्वीच, एलटीईची निवड केली. इतके ग्राहक ज्या बाजूला जाणार, त्या बाजूसाठी हँडसेट व चिप बनविणारे उत्पादक तयार होणारच. उत्पादन वाढले की प्रत्येक नगाचा खर्च उतरतो, खर्च उतरला की आणखी कंपन्या त्याच बाजूला येतात. हँडसेट ही येथे पूरक वस्तू आहे. आयफोनमध्ये एलटीई २०१२ साली आले, वायमॅक्स कधीच आले नाही. क्लिअरवायरने स्वतः ऑगस्ट २०११ मध्ये एलटीईकडे वळण्याची योजना जाहीर केली.

गूगलने आपल्या ५० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीतील शेअर २०१२ मध्ये प्रत्येकी १.६० डॉलरला विकले. हाती आले सुमारे ४.७ कोटी. पण गोष्ट येथे संपत नाही. पुढच्याच वर्षी स्प्रिंटने क्लिअरवायरचे उरलेले शेअर प्रत्येकी ५ डॉलर देऊन घेतले! हरलेल्या तंत्रज्ञानाच्या कंपनीला ही किंमत कशी मिळाली? क्लिअरवायरकडे २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा ध्वनिलहरी नव्हे, तर रेडिओलहरींचा साठा होता. एलटीईच्या टीडी या प्रकारात पाठविणे व घेणे एकाच पट्ट्यात आळीपाळीने चालते. वायमॅक्सही असेच चाले. म्हणून यंत्रसामग्री बदलून तोच पट्टा वापरता येत होता. वायमॅक्सची उपकरणे हा बुडीत खर्च ठरला, स्पेक्ट्रम ठरला नाही. हा फरक परीक्षेपुरता नव्हे, कोणत्याही कंपनीचा ताळेबंद वाचताना उपयोगी पडेल.

भारतात हाच फरक जून २०१० मध्ये दिसला. २.३ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या लिलावात कोणते तंत्रज्ञान वापरावे याचे बंधन नव्हते. इन्फोटेल ब्रॉडबँड या अपरिचित कंपनीने सुमारे १२,८४८ कोटी रुपयांत सर्व २२ परिमंडळे मिळविली आणि त्याच दिवशी रिलायन्सने ४,८०० कोटी रुपयांत तिचा ९५ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. चिप बनविणाऱ्या क्वालकॉमने मुंबई, दिल्ली, हरियाणा व केरळ ही चार परिमंडळे घेतली. टीडी-एलटीईला भारतात वाट करून देणे हा तिचा हेतू होता. २०१२ मध्ये तिच्या या व्यवसायातील ४९ टक्के हिस्सा भारती एअरटेलने घेतला. एअरटेलने त्याच वर्षी कोलकाता, बेंगळुरू आणि पुणे येथे टीडी-एलटीई सेवा सुरू केली. रिलायन्सने मात्र घाई केली नाही. जिओची व्यापारी सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये आली, तोवर एलटीईचे हँडसेट स्वस्त झाले होते. अर्थात सहा वर्षे भांडवल अडकवून ठेवण्याचाही खर्च असतो, आणि तो प्रत्येक कंपनीला पेलत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : समजा, जुलै २०१० मध्ये तुमच्याकडे दोन कंपन्यांचे शेअर आहेत. एकीकडे वायमॅक्सचे चालू जाळे आणि थोडा स्पेक्ट्रम आहे. दुसरीकडे भरपूर स्पेक्ट्रम आहे, पण एकही ग्राहक नाही. दोहोंपैकी एकच शेअर ठेवावयाचा असल्यास कोणता ठेवाल? दुसऱ्या कंपनीवर कर्ज असल्यास तुमचे उत्तर बदलेल काय? साधारण १५० शब्दांत सकारण लिहा.