बँजो, तंबोरा आणि अंधारलेलं सभागृह

प्रश्न : धाकटा भाऊ मोबाइलवर परदेशी बँडचे कार्यक्रम बघतो. साठ वर्षांपूर्वीचं ‘सायकेडेलिक पॉप’ हे नवे लोक पुन्हा वाजवतात म्हणे. मला त्यात आपल्या वरातीतला बँजो ऐकू येतो. हा भास आहे का? आणि हे लोक मैदान सोडून बंद सभागृहात का जमतात?
– एक वाचक, लातूर

उत्तर : भास नाही, तुमचा कान पक्का आहे. नांदेड-लातूरकडे वरातीत वाजतो तो बँजो म्हणजे खरं तर बुलबुलतरंग. तुमच्या लातूरच्या रितेश देशमुखने २०१६ च्या ‘बँजो’ सिनेमात वाजवला, तोच. एका हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, दुसऱ्याने तारा छेडायच्या. तारांचा आवाज पिकअपमधून अँप्लिफायरला दिला आणि कुवतीपलीकडे रेटला की तो फाटतो, त्याला धार येते. वर इको सोडला की एक सूर दुसऱ्याच्या अंगावर येतो. साठच्या दशकातल्या गिटारवाल्यांनी हेच केलं. त्यांचा इको टेपचा. एक हेड सूर टेपवर उतरवतं, चार सेंटीमीटर पुढचं हेड तो वाचतं. टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर धावत असेल, तर सूर साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने परत येतो.

या संगीताची दुसरी खूण म्हणजे धरून ठेवलेला सूर. १९६५ मध्ये जॉर्ज हॅरिसनने बीटल्सच्या गाण्यात सतार वाजवली; पुढच्याच वर्षी त्यांच्याच ‘टुमारो नेव्हर नोज’मध्ये तंबोरा घुमला. गोंधळ्याचं तुणतुणं ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल नाही. तिकडच्या श्रोत्यांना होतं.

आता सभागृह. ते लागतं रंगीत प्रकाशाच्या खेळासाठी. काचेच्या पसरट बशीत तेल आणि रंगीत पाणी घ्यायचं, बशी प्रोजेक्टरवर ठेवून हलकेच डोलवायची. दोन्ही मिसळत नाहीत. रंगाचे फुगे ताणतात, तुटतात, वाजवणाऱ्यांच्या शर्टांवरून मागच्या भिंतीवर सरकतात. याला मिट्ट काळोख हवा. १९६६ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात असे खेळ रंगत. लिव्हरपूलचा सायकेडेलिया महोत्सवही २०१२ मध्ये बंद इमारतीतच सुरू झाला.

आपल्याकडेही ही लाट आली होती. एका सिगारेट कंपनीच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१ मध्ये तबकड्या निघाल्या. त्या पोरांना आपण विसरलो, याची मला फार हळहळ वाटते.

नव्यांमध्ये नुसते नक्षीदार शर्ट घालून जुन्या चाली घोळवणारेही आहेत. ते मला रुचत नाहीत. पण टोकियोच्या ‘किकागाकु मोयो’ या बँडचा र्‍यु कुरोसावा भारतात येऊन सतारवादक मणिलाल नाग यांच्याकडे सतार शिकला. भावाला ती सतार ऐकवायला सांगा. आणि पुढच्या वरातीत बँजोवाल्याला विनंती करून क्षणभर इको बंद करायला लावा. तुम्हाला काय ओळखीचं वाटत होतं, ते तिथेच सापडेल.