पान सजवण्याआधी व्यवहार मांड

पोरी, पुस्तपालन शिकवणाऱ्याला वेब डिझाइनचा तास दिला की पहिली धास्ती कोडची वाटते. ती बाजूला ठेव. टॅग तुझ्यापेक्षा कॉम्प्युटरच्या सरांना जास्त येतील, खुशाल येऊ देत. पण दुकानाच्या पानावर भाव करासकट लिहायचा की वेगळा, माल परत आला तर पैसे किती दिवसांत द्यायचे, पोचवण्याचा खर्च कुणाच्या माथी, हे सांगायला कॉमर्सचंच माणूस लागतं. सॉफ्टवेअर शिकताना तुझी ही बाजू सोडू नकोस. आयुष्यभर वाणिज्य शिकवून माझ्याकडे जे साठलंय, ते तुझ्या कानात घालतो.

सॉफ्टवेअरच्या नावावर जीव जडवू नकोस. एके काळी लॅबमध्ये फ्रंटपेज असायचं. मायक्रोसॉफ्टनं ते २००६ मध्ये बंद केलं. मॅक्रोमीडियाचं ड्रीमविव्हर १९९७ मध्ये आलं आणि २००५ मध्ये आख्खी कंपनीच अडोबीनं घेतली. फ्लॅशमध्ये अक्षरं नाचवायला शिकलेल्यांची विद्या २०२० सरता सरता निकालात निघाली, कारण ३१ डिसेंबरला अडोबीनं फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला. एवढ्या उलथापालथीत एचटीएमएल आणि सीएसएस मात्र टिकले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं सर्नमधलं सुरुवातीचं साधं पान आजच्या मोबाइलवरही उघडतं. म्हणून आधी नोटपॅडवर हातानं पान लिही. शीर्षक, परिच्छेद, तक्ता, चित्र, दुवा आणि फॉर्म, एवढं न बघता जमलं की व्हीएस कोड घे. ते फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसतानाही चालतं. आपल्याकडे लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, त्यामुळे लॅबसाठी हे बरं. वर्डप्रेस त्यानंतर शिक. विकतचं सॉफ्टवेअर चोरून टाकू नकोस आणि पोरांनाही टाकू देऊ नकोस. बारावीनंतर घरी बसून जे त्यांना उघडता येणार नाही, ते शिकवून उपयोग काय?

एक खरं दुकान धर. ‘एबीसी ट्रेडर्स’ नावाचं खोटं दुकान काढलंस की पोरं चित्रं चिकटवून मोकळी होतात. वसमतचा हळद विकणारा, औंढ्याला नागनाथाच्या भाविकांना खोल्या देणारा, सेनगावातलं कृषी केंद्र, असे तीन-चार जण निवड आणि प्रत्येक गटाला एकेक दे. पोरांना वही घेऊन आधी गल्ल्यापाशी बसव. गिऱ्हाईक काय विचारतं ते टिपू दे. हळदीचं गिऱ्हाईक विचारतं, सेलम आहे का, हळकुंड की गट्टू, पॉलिश केलेली का, दळून देता का, पुण्याला पाठवाल का. हेच प्रश्न म्हणजे तुझ्या पानाचे मथळे. खोल्या शोधणारा भाविक वेगळं विचारतो. देवळापासून किती लांब, गाडी लावायला जागा आहे का, महाशिवरात्रीला खोली मिळेल का. दोन्ही पानं एकाच साच्यातून काढलीस तर दोन्ही धंदे फसतील.

भावाचं एक लक्षात ठेव. ठोक बाजारात हळदीचा क्विंटलचा भाव रोज हलतो. पानावर भाव टाकायचा तर शेजारी तारीख पाहिजेच. तारीख बदलायला माणूस नसेल तर भाव टाकूच नये, फोन नंबर द्यावा. किरकोळ पाकिटाचं मात्र वजन आणि किंमत स्पष्ट लिहावी.

कायद्याचा तास इथंच घे. तुझा खरा मुलूख तो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. स्वतःच्या पानावरून नियमित माल विकणाऱ्यानं आपलं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती तिथं द्यायची असते. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. माल परत घेणं, पैसे परत देणं, पोचवणं, हेही आधीच सांगायचं. आणि फॉर्ममध्ये ‘मला मान्य आहे’च्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवायला या नियमांनी मनाई आहे. फॉर्मचा टॅग शिकवतानाच हे सांग, म्हणजे कायदा आणि कोड एका दमात डोक्यात बसतात. बंद पाकीट असेल तर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि कुठल्या देशाचा माल हे पानावर दिसलं पाहिजे. खाण्याचा जिन्नस म्हणून एफएसएसएआयचा क्रमांकही मागून घे.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पोरांना वाटेल, चला, प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरांत टाकू. तिथं थांबव. १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. दुकानदाराकडे ती आहे का, हे कागद बघूनच ठरवायचं. तीच गोष्ट फोटोंची. गुगलवरून उचललेला फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो. दुकानातल्या हळदीचा फोटो पोरांनी सकाळच्या उजेडात स्वतः काढावा.

मराठी पान मराठीसारखं दिसू दे. दुकानदार जुनं पत्रक देईल, ते बहुधा श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल. ते तसंच चिकटवलं तर पानावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घे. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन कर आणि सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा म्हणून ‘एमआर’ लिही. सोय असलेल्या फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्ट पक्का करण्याआधी त्यात ‘दुसऱ्या’, ‘व्यापाऱ्यांना’, ‘क्विंटल’ आणि ‘औंढा’ लिहून बघ. मुक्ता आणि नोटो सॅन्स देवनागरी हे फुकट मिळणारे फॉन्ट आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेव, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नकोस, शिरोरेघ तुटते.

पोरं अडतात ती ठिकाणं आधीच माहीत करून घे. आपल्या पुस्तकांत ‘कलर’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये यू असतो. सीएसएसला तो चालत नाही, आणि चुकलं तरी ते बोलत नाही. ती ओळ गुपचूप सोडून देतं आणि पोरगं तासभर डोकं खाजवत बसतं. दुसरी अडचण फाइलींच्या नावांची. विंडोजवर मोठं आणि लहान अक्षर एकच मानलं जातं, बऱ्याच सर्व्हरवर नाही. लॅबमध्ये दिसणारं चित्र पान चढवल्यावर गायब होतं ते यामुळे. नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता द्यायची आणि चित्रांचं फोल्डर वेगळं ठेवायचं, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिही. तिसरं, फोनमधला फोटो काही एमबीचा असतो. गिंपमध्ये तो दीड-दोनशे केबीपर्यंत उतरव. खेड्यातलं गिऱ्हाईक पान मोबाइलवर बघणार, तेही कमी रेंजमध्ये. म्हणून प्रत्येक गटाचं पान आधी एखाद्या साध्या फोनवर उघडून दाखवायला लाव, मगच लॅबच्या मोठ्या पडद्यावर.

एका कॉम्प्युटरवर तीन पोरं बसणार असतील तर एकानं टाइप करावं, एकानं वहीतलं वाचून सांगावं, तिसऱ्यानं चुका धराव्यात आणि दर पंधरा मिनिटांनी जागा बदलाव्यात. असं केलं नाही तर की-बोर्ड ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे त्याच्याच हातात राहतो, आणि मुली मागं उभ्या राहून बघत बसतात.

खर्च खात्यात घालायला लाव. डोमेनचं भाडं दरवर्षी भरावं लागतं. होस्टिंगचे तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर पुढच्या दोन वर्षांचा वाटा पूर्वदत्त खर्च. ही नोंद पोरांनी रोजकीर्दीत स्वतः करावी. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात वेब डिझाइन, पीएचपी आणि ई-कॉमर्स आहेच. पण पुस्तपालनाच्या वहीत तेच पान खर्च होऊन येतं तेव्हा दोन्ही विषय एकमेकांना ओळखतात. दुकानदारालाही आधीच सांग की पान फुकट राहत नाही. भाडं चुकलं तर नाव दुसरं कुणी घेऊन जाईल.

गुण रंगांना देऊ नकोस. दुसऱ्या गटातल्या पोराला पान उघडून दे आणि सांग, अर्धा किलो हळदपूड मागव. भाव सापडला का, पोचवण्याचा खर्च कळला का, तक्रार कुठं करायची ते दिसलं का? तो जिथं अडेल तिथं गुण कापायचे. कॉमर्सची पोरं एकमेकांच्या पानांचं असं लेखापरीक्षण फार चोख करतात, बघ तू. एखादं पोरगं तुझ्या पुढं जाऊन जावास्क्रिप्टमध्ये बिलाची बेरीज करून दाखवेल. त्याला फळ्यापाशी बोलव आणि तू बाकावर बस.

शेवटचं, आणि हे विसरू नकोस. डोमेन दुकानदाराच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइलवर घ्यायला लाव. कॉलेजच्या किंवा पोराच्या नावावर घेतलंस तर पोरगं पुढच्या शिक्षणाला नांदेडला जाईल आणि दुकानदार पासवर्डसाठी तुझ्या दारात उभा राहील. वर्ष संपायच्या आत पासवर्ड, भाडं भरायच्या तारखा आणि भाव कसा बदलायचा त्याच्या चार ओळी, असा एक कागद त्याच्या हातात दे आणि त्याच्याकडून एकदा भाव बदलून घे. त्याला तो बदलता आला की प्रकल्प पूर्ण झाला असं समज, आणि मगच शेवटचे दहा गुण भर.